नैवेद्याचे पान आणि घरातील शेवटचे पान

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात आज पाय ठेवावयास जागा नाही. टाळ-मृदंगांचा घोष, पताकांची दाटी आणि दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहूनही न मावळणारा तो चेहऱ्यावरचा आनंद, हे सारे ज्यांनी पाहिले त्यांस वेगळे सांगावयास नको. आजचा दिवस उपवासाचा. उद्या द्वादशी, पारण्याचा दिवस. घरोघर पाने मांडली जातील, देवास नैवेद्य दाखविला जाईल आणि मग पंगती बसतील. ह्या दोन दिवसांच्या सांध्यावर आम्ही वाचकांशी चार शब्द बोलू इच्छितो ते अन्नाविषयी. बुवांनी आज नामाचा महिमा सोडून स्वयंपाकघरात का डोकवावे, अशी शंका कोणाच्या मनात येईल. तिचे उत्तर आमच्याच घरी घडलेल्या एका प्रसंगात आहे. तो सांगताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु कीर्तनकाराने लोकांस दोष दाखवावयाचे आणि स्वतःचे झाकून ठेवावयाचे, हे बरे नव्हे.

२०१९ सालची गोष्ट. एकादशीच्या रात्री येथील एका मठात आमचे कीर्तन होते. उत्तररंगास आम्ही छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील श्वेतकेतूचे आख्यान लावले होते. उद्दालक आरुणी आपल्या पुत्रास समजावतात की, खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. स्थूल भाग बाहेर टाकला जातो, मधल्या भागाचे मांस होते आणि जो अत्यंत सूक्ष्म भाग, त्याचे मन बनते. मन अन्नाचे बनते ही गोष्ट पुत्रास पटेना. तेव्हा पित्याने त्यास पंधरा दिवस उपाशी राहावयास सांगितले. पाणी मात्र हवे तेवढे प्यावे, कारण प्राण हा जलमय आहे. सोळाव्या दिवशी श्वेतकेतू पित्यापुढे येऊन बसला. “ऋचा म्हण, यजू म्हण, सामे म्हण,” असे पिता म्हणाला. बारा वर्षे गुरुगृही राहून ज्याने सर्व वेद मुखोद्गत केले होते, त्यास एक अक्षर आठवेना. मोठ्या अग्नीतून काजव्याएवढा निखारा उरावा आणि त्याने काहीच जळू नये, तशी त्याची अवस्था झाली होती. पित्याने सांगितले, “जा, जेवून ये.” तो जेवून आला आणि विचारलेले सर्व त्यास आठवले. निखाऱ्यावर वाळले गवत घालताच ज्वाळा उठावी, तसे ते घडले.

श्रोते तल्लीन झाले होते. आम्हीही प्रसन्न मनाने घरी आलो. पहाटे द्वादशीच्या पारण्याची घाई सुरू झाली आणि पुरणाचे पातेले उतरविताना आमच्या सूनबाई स्वयंपाकघरातच भोवळ येऊन पडल्या. पदरी दीड वर्षाचे मूल, तेही अजून अंगावर पिणारे. गावातील डॉक्टरीणबाईंस बोलावणे गेले. त्यांनी तपासले आणि मग अगदी साध्या स्वरात एकच प्रश्न विचारला, “बाळ, परवापासून तू काय काय खाल्लंस, ते सांग बघू.”

आम्ही बाहेर झोपाळ्यावर बसून ऐकत होतो. “परवा दशमी होती, म्हणून एकभुक्त. सगळ्यांचं झाल्यावर बसले. भाजी संपली होती, आमटी तळाला होती. भात, लोणचं आणि ताक घेतलं. काल सकाळी चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, पुन्हा चहा, रात्री थोडी भगर. आज अजून काही नाही, नैवेद्य व्हायचाय ना.” एवढे बोलून त्या गप्प झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारले, “आणि एरवी?” तेव्हा सोमवार, गुरुवार, चतुर्थी अशी उपवासांची यादी निघाली. उपवास नसेल त्या दिवशीचे वर्णन दशमीच्या पानाहून फारसे निराळे नव्हते.

रक्त तपासले. हिमोग्लोबीन ८.२ निघाले. स्त्रीच्या रक्तात ते बाराच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. आमच्या आयुर्वेदात ह्या विकारास पांडुरोग म्हटले आहे. पांडुरंगाच्या गावी, अन्नाचा महिमा गाणाऱ्या कीर्तनकाराच्या घरी पांडुरोग, आणि तो कोणास दिसलाही नव्हता! रात्री ज्याने हजार श्रोत्यांस उपाशी श्वेतकेतू दाखविला, त्यास आपल्याच घरातील निखारा दिसला नाही. तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून गेलेला नाही.

ही एका घराची गोष्ट असती, तर तिला वृत्तपत्रात जागा मागितली नसती. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे उद्या पारण्याचा स्वयंपाक करणाऱ्या दर दोन सुवासिनींपैकी एक. त्यांतील किती घरी अन्नाचा खरोखर तुटवडा आहे आणि किती घरी अन्न असूनही ते शेवटच्या पानापर्यंत पोचत नाही, ह्याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरापुरता करावा.

पानाची मांडणी

नैवेद्याचे पान आपण कसे वाढतो, ते क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. वरच्या बाजूस मध्यभागी चिमूटभर मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे पालेभाजी, फळभाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद, तीवर वरण आणि तुपाची धार. पोळी, एखादे पक्वान्न, वाटीत दही वा ताक. शेजारी विड्याबरोबर एखादे फळ. आजी-पणजीने घालून दिलेला हा क्रम आपण डोळे मिटूनही पाळतो. परंतु ह्या पानावर काय काय आहे, ह्याची मोजदाद आपण क्वचितच करतो.

हैदराबाद येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी जे छोटे केंद्र काढले, त्याचाच हा आजचा विस्तार. ह्या संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सतरा मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसभराच्या पानाचा एक नमुना दिला आहे. दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी तृणधान्ये व भरडधान्ये मिळून २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे, तीळ, जवस यांसारख्या तेलबिया व कठीण कवचाची फळे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्ये व डाळी ह्या कच्च्या तोलाच्या आहेत. जे सामिष घेतात त्यांनी डाळींच्या काही वाट्याऐवजी अंडी, मासे वा मांस घ्यावे, असेही त्यात आहे. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या वर जाऊ नये, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. साखर पंचवीस ग्रॅमच्या आत राहावी.

आता हे आकडे नैवेद्याच्या पानावर ठेवून पाहावे. भात आणि पोळी हे तृणधान्य, वरण-आमटी-उसळ हे कडधान्य. उजवीकडच्या भाज्या आणि डावीकडची कोशिंबीर हा शाकवर्ग. कोशिंबिरीतले दाण्याचे कूट व चटणीतले तीळ-खोबरे हा तेलबियांचा वर्ग. दही-ताक आहे, तूप आहे, फळ आहे. मीठ चिमूटभर आणि तेही कडेला. एकही वर्ग सुटलेला नाही. लिंबाची फोडसुद्धा शोभेपुरती नाही. पालेभाजीतले व डाळीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. लिंबू, आवळा ह्यांसारख्या आंबट फळांतील क जीवनसत्त्व सोबतीस असले, तर ते अधिक शोषले जाते. याउलट चहा ते शोषण अडवितो. म्हणून जेवणाआधी एक तास व जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये, असे संस्था सांगते. आमच्या सूनबाईंच्या त्या दोन दिवसांत लिंबू कोठेच नव्हते आणि चहा मात्र दोन्ही वेळा होता.

देवापुढचे पान असे पूर्ण असते. पण आपले रोजचे पान तसे असते काय? रोज भाताची मूद दुप्पट होते, पोळ्या चार होतात, वरण पातळ होत जाते, भाजी बटाट्याची होते आणि कोशिंबीर सणापुरती उरते. संस्थेच्या नमुन्यात भाज्या व फळे ह्यांनी जवळजवळ अर्धे पान व्यापावे असे आहे. एका वाटीभर घट्ट वरणास साधारण तीस ग्रॅम डाळ लागते, म्हणजे ८५ ग्रॅम पुरे होण्यास दिवसाकाठी घट्ट वरण-उसळीच्या जवळजवळ तीन वाट्या हव्यात. ज्या आमटीत डाळ शोधावी लागते, तिच्या दोन पळ्यांनी हे गणित सुटत नाही.

चरकाचे बारा वर्ग

अन्नाचे वर्ग पाडणे ही पाश्चात्त्यांची नवी कल्पना आहे, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसावा अध्याय अन्नपानविधीचा आहे. त्यात आहारद्रव्यांचे बारा वर्ग सांगितले आहेत. शूकधान्य म्हणजे तांदूळ-गहू-जव, शमीधान्य म्हणजे शेंगेत येणारी कडधान्ये, मांस, शाक, फळ, हरित म्हणजे आले-मुळा-कोथिंबिरीसारखे ओले पदार्थ, मद्य, जल, गोरस, उसाचे विकार म्हणजे गूळ-साखर, कृतान्न म्हणजे शिजविलेले अन्न आणि शेवटी आहारास साहाय्य करणारी तेले, मीठ, मसाले. शूकधान्य आणि शमीधान्य हे दोन निराळे वर्ग आहेत, एकाने दुसऱ्याची उणीव भरत नाही, हे त्या मुनींनी ओळखले होते. आजचे शास्त्र त्याचे कारण सांगते. तांदूळ-गव्हाच्या प्रथिनात जो अंश कमी पडतो तो डाळीत भरपूर असतो आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो. वरणभात, भाकरी-पिठले, खिचडी ह्या जोड्या म्हणून शोभतात.

त्याच सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात रोज घ्यावयाच्या पदार्थांची एक छोटी यादी आहे. साठेसाळी व शाली तांदूळ, मूग, सैंधव, आवळा, जव, पावसाचे निर्मळ पाणी, दूध, तूप, जांगल प्राण्यांचे मांस आणि मध. शाकाहारी माणसाने मांस वगळले, तरी धान्य, कडधान्य, आंबट फळ, दूध व स्नेह हे सारे तीत आहे. तो अध्याय मात्रेपासूनच सुरू होतो. काय खावे ह्याच्या आधी किती खावे. पुरण, वडे यांसारखे जड पदार्थ तृप्तीच्या निम्मे किंवा तिसरा हिस्साच घ्यावे. पुढे विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक पातळ पदार्थांस आणि एक वात-पित्त-कफांस मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनास हेच बजावले आहे. अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. ह्या उपदेशाचा पहिला अर्धा भाग आम्ही कीर्तनकार मोठ्याने सांगतो. दुसरा अर्धा भाग घरातील सुनांस कोणी ऐकवीत नाही.

उपवास कशाचा?

येथे एक शंका उपस्थित होईल. मग काय, उपवास सोडावेत? आम्ही तसे म्हणत नाही. उपवास म्हणजे देवाच्या समीप वास. त्यासाठी पोट हलके ठेवावे, इंद्रियांस आवर घालावा, हा त्याचा हेतू. “एकादशी आणि दुप्पट खाशी” ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्याच घरांकडे पाहून रचली आहे.

व्रते घालून देणाऱ्यांनी आहाराचा तोल कसा सांभाळला, हे चातुर्मासात स्पष्ट दिसते. उद्याच्या द्वादशीपासून पहिल्या महिन्यात शाकव्रत, दुसऱ्यात दधिव्रत, तिसऱ्यात क्षीरव्रत आणि चौथ्यात द्विदलव्रत. पालेभाज्या, दही, दूध व डाळी हे चार वर्ग एकामागून एक, एकेक महिना वर्ज्य. सर्व एकदम कधीच नाहीत. भाजी सोडली तेव्हा दही-दूध-डाळ आहे. डाळ सोडली तेव्हा भाजी-दूध आहे. मग गौरींना सोळा भाज्यांचा नैवेद्य, ऋषिपंचमीची कंदमुळांची व पाल्याची भाजी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची मिसळभाजी व तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हे सारे सण एकेका वर्गाची आठवण देत वर्षभर येत राहतात.

श्रावणी सोमवारच्या शिवामुठीचे तर आम्हांस विशेष वाटते. नवी नवरी पहिली पाच वर्षे शंकरास मूठ वाहते. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव. धान्य, तेलबी, कडधान्य आणि पुन्हा धान्य! देवाच्या पिंडीवर ती मुगाची मूठ वाहते आणि घरी येऊन स्वतः साबुदाणा खाते.

आता त्या साबुदाण्याविषयी. तो कोठल्याही स्मृतीत नाही, असूही शकत नाही. तो ज्या कंदापासून काढतात तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, मिरची, भुईमूग हेही तिकडूनच पोर्तुगीजांच्या काळापासून आपल्याकडे आले. तमिळनाडूतील सेलमच्या कारखान्यांतून येणारा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिन शंभरात एक भागही नसते. भूक भागते, शरीराची झीज भागत नाही. बटाटा त्याचाच सोबती. उलट राजगिरा, वरी, शिंगाडा, रताळे, दाणे, दूध, ताक, केळे, खजूर हे सारे फराळास चालते. राजगिऱ्यात प्रथिन, चुना व लोह तिन्ही भरपूर आहेत. भगरीबरोबर दाण्याची घट्ट आमटी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, पेलाभर दूध आणि एखादे फळ असे उपवासाचे पान मांडले, तर व्रतही राहते आणि वर्गही राहतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र वैद्यांस विचारल्यावाचून उपवास धरू नये. औषध घेऊन न खाणे व साबुदाणा पोटभर खाणे, दोन्ही त्यांस अपायकारक आहे.

शास्त्र काय म्हणते?

“शास्त्रात आहे म्हणून,” असे म्हणून घरोघर अशक्त मुलींकडून उपवास करविले जातात. तेव्हा शास्त्रात खरोखर काय आहे तेही ऐकावे. ‘धर्मसिंधु’ हा ज्याचा आधार आजही पंचांगकर्ते घेतात तो ग्रंथ, आमच्या ह्याच पंढरपुरात अठराव्या शतकाच्या अखेरीस काशीनाथ उपाध्याय यांनी रचला. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध ह्या आठांनी व्रतभंग होत नाही, हे परंपरेने मान्य केलेले वचन आहे. एकादशीचे बंधन आठ वर्षांवरील व ऐंशी वर्षांखालील माणसास सांगितले आणि त्यातही जो असमर्थ असेल त्यास दूध, फळे, नक्त किंवा एकभुक्त असे पर्याय ठेवले. गर्भिणी व बाळंतीण ह्यांनी उपोषणाऐवजी नक्त करावे, असे व्रतग्रंथ सांगतात. ज्यास शक्य नाही त्याचे व्रत पुत्राने वा पतीने करावे, ही सोयही आहे. ही सवलत घेतल्यास देव रागावेल, असे कोठेही म्हटलेले नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पंगतीच्या क्रमाची. घरच्या स्त्रीने शेवटी जेवावे ही रूढी आपण धर्म म्हणून सांभाळतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की, सुवासिनी, कुमारिका, रोगी आणि गर्भवती ह्यांस अतिथींच्याही आधी, काही विचार न करता जेवू घालावे. येथे सुवासिनी ह्या शब्दाचा अर्थ टीकाकार ‘नुकत्याच विवाह झालेल्या सुना व लेकी’ असा देतात. याज्ञवल्क्यांच्या आचाराध्यायातही बालक, वृद्ध, आजारी यांच्याबरोबर त्यांची गणना प्रथम जेवणाऱ्यांत आहे. आणि सर्वांच्या मागून उरलेले कोणी खावे? पतिपत्नींनी, दोघांनी मिळून! गृहस्थाने पहिल्या पंगतीस बसून ढेकर द्यावी आणि गृहिणीने तळाची आमटी घ्यावी, ही वाटणी स्मृतिकारांची नव्हे, आपली आहे. चाळीस वर्षे ज्या ग्रंथांवर आम्ही निरूपण केले त्यांतले हे वचन आमच्या दृष्टीस पडले नव्हते असे नाही. ते आमच्या ताटास लागू आहे, हे मात्र २०१९ च्या त्या द्वादशीपर्यंत ध्यानात आले नव्हते.

घरातील नवा नेम

त्या चातुर्मासात आम्ही व्रत घेतले. सूनबाईंनी नव्हे, आम्ही. त्याचे नियम वाचकांस उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला नियम असा की, कोणीही पानावर बसण्याआधी जो शेवटी जेवणार असेल त्याचे पान भरून झाकून ठेवावयाचे. त्यात भाजी, घट्ट वरण, कोशिंबीर, लिंबू, दही सर्व नैवेद्यासारखे. पाहुणा आला तर कमी पडेल ते आमच्या पानातून. दुसरा नियम, रोज एक तरी पालेभाजी आणि एक तरी कडधान्य चुलीवर चढलेच पाहिजे. पालेभाजी निवडावयास वेळ लागतो, म्हणून ती होत नाही, ही तक्रार खरी होती. तेव्हा ते काम आम्ही घेतले. रोज सकाळी पूजा आटोपली की सुपात भाजी घेऊन आम्ही ओटीवर बसतो. स्तोत्रपाठ चालू असतो आणि मेथीची जुडी संपते. प्रथम शेजारीपाजारी हसले. आता त्यांतले दोघे आपापली सुपे घेऊन येतात.

तिसरा नियम, जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही. चौथा, तेल माणशी दिवसाला पाच-सहा लहान चमच्यांपुरते, मीठ वरून घ्यावयाचे नाही, गोडधोड नैवेद्यास असेल तेव्हा वाटीच्या तळापुरते. पाचवा, तांदूळ-गव्हाबरोबर आठवड्यातून तीन-चार वेळा ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी. आणि सहावा, एकादशी कोणी करावी हे ज्याचे त्याने ठरवावे. सूनबाईंची त्या वर्षीची एकादशी त्यांच्या पतीने केली.

ह्यात खर्च वाढला का, असे पुष्कळ जण विचारतात. परसातल्या शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग-मटकी, ताक, दाण्याचे कूट, दाराशी येणारी चाकवत-चुका-अंबाडी, हंगामातला पेरू आणि आवळा. ह्यांतले काहीही श्रीमंतांचे खाणे नव्हे. बदाम-पिस्त्यांवाचून पान पूर्ण होते. बाजारच्या फरसाणाचा व बिस्किटांचा खर्च घटला, तो ह्यात भागला. अर्थात, रक्तक्षय केवळ जेवणाने लवकर भरून येत नाही. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, इतर तपासण्या करून घेतल्या आणि त्या गोळ्या काही महिने न चुकता घ्याव्या लागल्या. ज्यांस थकवा, धाप, भोवळ जाणवते त्यांनी रक्त तपासून घ्यावे, अंदाजावर राहू नये. पुढल्या वर्षी आषाढ आला तेव्हा सूनबाईंचे हिमोग्लोबीन १२.१ झाले होते. ती चिठ्ठी आम्ही देवघरातील पोथीत ठेवली आहे.

एक गोष्ट सांगून पुरे करतो. गेल्या वर्षी द्वादशीच्या पारण्यास सर्वांची जेवणे होत आली होती. नातू आता शाळेत जातो. तो पानावरून उठला आणि ओट्यावर झाकलेल्या ताटाचे झाकण उचलून पाहू लागला. “आजोबा, देवाचं पान तर तिकडे आहे. मग हे कुणाचं?” आम्ही म्हणालो, “तुझ्या आईचं.” त्याने दोन्ही पाने नीट न्याहाळली आणि म्हणाला, “दोन्ही सारखीच आहेत की!”

उद्या आपण नैवेद्य दाखवाल. देवासमोर पाण्याचे मंडल कराल, तुळशीपत्र ठेवाल. त्याआधी घरात शेवटी कोण जेवणार आहे ते एकदा विचारावे, आणि त्याचे पानही तसेच भरून झाकून ठेवावे.